काचेच्या नळीतली राणी: मराठवाड्याच्या हवेत मुंगळ्यांची वसाहत कशी सांभाळावी

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की त्या संध्याकाळी ओसरीतल्या ट्यूबलाइटखाली पंखांचा सडा पडतो. सगळे म्हणतात, मुंग्यांना पंख फुटले. पण त्या गर्दीतले बहुतेक किडे मुंग्या नसतातच, ती वाळवी असते. मुंग्या पाळायच्या तर आधी ही ओळख पक्की हवी, नाहीतर वाळवी नळीत भरून महिनाभर वाट बघण्यात वेळ जातो.

ओळखायला भिंग लागत नाही. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि नुसता हात लागला तरी गळणारे असतात. तिला कंबर नसते, छाती आणि पोट एकसलग दिसतं. मुंगीची कंबर दोऱ्याने आवळावी तशी बारीक असते, पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान. मिशा बघितल्या तर शंकाच उरत नाही: मुंगीची मिशी कोपरात वाकलेल्या हातासारखी, वाळवीची सरळ, बारीक मण्यांच्या माळेसारखी.

या उडणाऱ्या मुंग्यांमध्ये नर असतात आणि कोवळ्या राण्या असतात. नराचं डोकं चिमुकलं, अंग सडपातळ. मिलन झालं की तो एक-दोन दिवसांत मरतो. मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं, असं म्हणतात ते नराच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. राणीचं आयुष्य मात्र तिथून सुरू होतं. तिला आयुष्यभर पुरेल एवढं वीर्य पोटातल्या एका पिशवीत साठवून ती खाली उतरते, स्वतःचे पंख स्वतः उपटून टाकते आणि जमिनीवर बिळाची जागा शोधत फिरू लागते. आपल्याला हवी ती हीच. पंख गळलेले, छाती फुगीर, पोट भरलेलं, आणि भिंतीच्या कडेने किंवा फरशीच्या सांध्यातून घाईघाईने चाललेली. पंख अजून शाबूत असतील तर मिलन झालं आहे की नाही हे सांगता येत नाही. अशीला डबीत दोन दिवस ठेवून बघा. पंख आपण ओढून काढू नका.

## कोणती मुंगी

सुरुवातीला मुंगळाच घ्या. काही भागांत त्याला डोंगळा म्हणतात: बाभळीच्या बुंध्याशी आणि बांधावर दिसणारा मोठा, काळा कुळकुळीत. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७८७ साली त्याचं पहिलं वर्णन केलं, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या तमिळ किनाऱ्यावरच्या त्रांकेबारहून आलेल्या नमुन्यावरून.

मुंगळा निवडण्याची कारणं साधी आहेत. तो मोठा असल्यामुळे काय चाललंय ते उघड्या डोळ्यांनी दिसतं आणि फटीतून सहज निसटत नाही. त्याला नांगी नसते. तो चावतो आणि आम्लाचा फवारा सोडतो, त्याने चुरचुरतं, पण तेवढंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याची राणी पहिली पिलावळ मोठी होईपर्यंत काही न खाता राहू शकते. उडण्यासाठी जे दांडगे स्नायू छातीत होते त्यांची आता गरज उरलेली नसते. तेच स्नायू आणि पोटातली चरबी जिरवून ती अळ्यांना भरवते. तिला फक्त अंधार, ओल आणि शांतता हवी.

स्वयंपाकघरातल्या बारीक पिवळसर मुंग्या पाळायला घेऊ नका. त्यांच्यात एका वसाहतीत अनेक राण्या असतात, घरात फुटून पसरायला त्यांना वेळ लागत नाही. शेतातली डसणारी लाल मुंगी, जिच्या डंखाने बारीक फोड येतो, तीही नको. ती मूळची अमेरिकेतली, माणसांच्या मालासोबत जगभर पसरलेली आहे.

वारूळ खणून राणी काढायचा नाद पूर्ण सोडा. ती खोल असते, खणताना बहुतेक वेळा फावड्याखालीच जाते, आणि हजारो मुंग्यांचं घर उगाच मोडतं. पावसानंतर फिरणाऱ्या राण्यांतल्या बहुतेक सरडे, पक्षी, कोळी आणि दुसऱ्या मुंग्या खातात. त्यांतली एक उचलली तर निसर्गाचं फारसं बिघडत नाही.

## नळी आणि नळीतलं पाणी

जमिनीखालच्या बिळात मुंगीकडे सगळ्यात मोठी गोष्ट असते ती निवड. वर तापलं तर खाली जा. खाली फार ओल झाली तर अंडी उचलून वर आणा. काचेच्या नळीत ही निवड आपण हिरावून घेतो. मुंग्या पाळण्यातलं जवळपास सगळं कसब ती निवड त्यांना परत देण्यात आहे, आणि वसाहत मेली तर कारण शोधताना पहिल्यांदा तिथेच बघावं.

पहिलं घर म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतली साधी परीक्षानळी, १५ सेंटीमीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड. तळाशी ५ ते ६ सेंटीमीटर पाणी भरा. साधारण ९ मिलिलिटर होतं. त्यावर कापसाचा दीड-दोन सेंटीमीटरचा बोळा पेन्सिलीच्या बोथट टोकाने दाबत पाण्याला टेकेपर्यंत न्या. मधे हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर उन्हाने तो फुगतो आणि पाणी पुढे ढकलतो. पुढची ५-६ सेंटीमीटर जागा राणीची. तोंडाशी दुसरा, कोरडा बोळा.

कापूस शेतातला चालत नाही. आपल्याकडे घरोघर कापूस असतो, त्यामुळे हात आधी तिकडेच जातो. पण कपाशीच्या कच्च्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा थर असतो आणि त्यामुळे तो पाणी धरत नाही. वेचणीचा कापूस वाटीतल्या पाण्यावर टाकून बघा, तसाच तरंगत राहतो. औषधाच्या दुकानातला गुंडाळीचा कापूस मेण काढून टाकलेला असतो. तो टाकताच भिजून बुडतो. शिवाय शेतातल्या कापसावर फवारणीचा अंश असण्याची भीती आहेच. तेव्हा दुकानातलाच घ्या.

बोळा किती दाबायचा हा अनुभवाचा भाग, पण परीक्षा सोपी आहे. पाणी भरलेली नळी राणी सोडण्याआधी एक दिवस तोंड खाली करून उभी ठेवा. बोळ्याचा पुढचा भाग ओलसर दिसला पण थेंब पडला नाही तर बरोबर. थेंब पडला तर बोळा सैल. कोरडाच राहिला तर फार घट्ट झाला, पुन्हा करा.

पाणी बोअरचं वापरू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. बादलीच्या कडेला जशी पांढरी खपली धरते तशीच ती कापसावर आणि पुढे प्लास्टरच्या घरावर धरते आणि पाणी झिरपायची छिद्रं बंद करते. जारचं पाणी चालेल. पावसाचं स्वच्छ गाळून घेतलेलं तर उत्तमच.

आता राणी आत सोडा, तोंड बंद करा, नळी आडवी ठेवा आणि काळ्या कागदाची पुंगळी करून तिच्यावर चढवा. नळी गडगडू नये म्हणून खाली घडी घातलेला कपडा. ठेवायची जागा अशी बघा की शेजारी मिक्सर, पाण्याची मोटर, स्पीकर काही नाही. मुंगीला आवाज ऐकू येतो त्यापेक्षा पायांतून थरथर जास्त जाणवते.

## दोन महिने हात लावू नका

इथे सगळ्यात जास्त वसाहती जातात, आणि त्या उत्सुकतेपायी जातात. दर दोन तासांनी पुंगळी काढून बघितलं की राणीला वाटतं आपलं बीळ कुणी उकरतंय. मग ती स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. संकटात अंड्यांतलं पोषण परत अंगात घेणं हा तिचा व्यवहारी मार्ग आहे. पण तुमची दहा दिवसांची प्रगती शून्यावर येते. आठवड्यातून एकदा, लाल जिलेटिन कागद लावलेल्या टॉर्चने अर्धा मिनिट बघा. मुंग्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही, म्हणून लाल उजेडात त्या बिथरत नाहीत.

राणी पहिल्या काही दिवसांत अंडी घालते. ती सुटी नसतात. साबुदाण्याच्या दाण्यांपेक्षाही कितीतरी लहान, पांढरट, एकमेकांना चिकटलेली पुंजकी असते आणि राणी ती तोंडात धरून इकडून तिकडे नेत असते. काही आठवड्यांत त्यांतून अळ्या निघतात. अळी मोठी झाली की स्वतःभोवती पिवळसर तपकिरी कोष विणते. लोक याच कोषांना मुंगीची अंडी म्हणतात. कोष विणायला अळीला धाग्याचं टोक टेकवायला खडबडीत आधार लागतो, म्हणून नळीत चिमूटभर धुतलेली, तापवून कोरडी केलेली बारीक वाळू टाकून ठेवणं फायद्याचं.

अंड्यापासून पहिली कामकरी मुंगी निघेपर्यंत नेहमीच्या उबेत साधारण दीड ते दोन महिने लागतात. पहिल्या मुंग्या नेहमीच्या मुंगळ्यापेक्षा खुज्या असतात, कारण एकट्या राणीच्या साठ्यावर त्या वाढलेल्या असतात. नुकती निघालेली मुंगी फिकट, मधाच्या रंगाची असते. ती आजारी नाही, एक-दोन दिवसांत काळी पडते.

कोषांतून एकापाठोपाठ एक फक्त पंखवाले नरच निघू लागले तर समजा की राणीचं मिलन झालेलंच नव्हतं. मुंग्यांमध्ये फलित अंड्यातून मादी होते आणि अफलित अंड्यातून नर. अशी वसाहत कधीच उभी राहत नाही. त्या राणीला जिथून आणलं तिथे सोडून द्या.

## खाणं

पहिली कामकरी दिसली की दोन-तीन दिवसांनी खाणं सुरू करा. एक भाग साखर आणि चार भाग पाणी, एवढंच. टाचणीच्या डोक्याएवढा थेंब औषधाच्या पट्टीच्या चांदीच्या कागदाच्या तुकड्यावर ठेवून नळीत सरकवा. मोठा थेंब ठेवला तर मुंगी त्यात बुडते. गूळ घालायचा मोह होतो, पण गुळाचं पाणी आपल्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतं. साखर बरी. उरलेला थेंब दुसऱ्या दिवशी काढा.

साखर ही मोठ्या मुंग्यांची ताकद. अळ्यांच्या अंगाला मांस भरतं ते प्रथिनांनी. आठवड्यातून दोनदा कीटक द्या. पाच-सहा मुंग्यांच्या वसाहतीला एक डास किंवा माशीचा एक तुकडा पुरतो. विजेच्या बॅटने मारलेला डास चांगला, त्यावर औषध नसतं. पिकलेल्या केळ्यावरची चिलटं, रातकिडा, घरचा नाकतोडा हेही चालतं, पण बाहेरून आणलेला कीटक आधी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा किंवा उकळत्या पाण्यातून काढा, म्हणजे त्याच्या अंगावरच्या बारीक गोचिड्या वसाहतीत येत नाहीत. कपाशी, तूर, सोयाबीनच्या शेतातला कीटक कधीच देऊ नका. फवारणी कधी झाली हे बांधावरून दिसत नाही, आणि नाकतोड्याला न मारलेला डोस वीस मुंग्यांना पुरेसा असतो.

मुंगी खाते कशी हे एकदा निवांत बघा. घन घास तिच्या घशाखाली उतरतच नाही. तोंडात मागे एक कप्पा आहे, तिथे चोथा अडतो आणि फक्त रस पुढे जातो. चोथ्याची बारीक गोळी करून ती कोपऱ्यात टाकते. प्यालेला रस आधी जातो तो तिच्या स्वतःच्या जठरात नाही, त्याच्या आधीच्या पिशवीत, आणि ही पिशवी साऱ्या वसाहतीची. भरपेट मुंगळ्याचं पोट ताणलं की काळ्या पट्ट्यांमधली फिकट पातळ कातडी दिसू लागते आणि पोट पट्टेरी होतं. मग ती घरी जाते, दुसरी मुंगी मिशांनी तिच्या तोंडावर टकटक करते, दोघींची तोंडं जुळतात आणि मधे चमकता थेंब दिसतो. तिचे पट्टे हळूहळू मिटतात, दुसरीचे उमटू लागतात. बाहेर एकच मुंगी जेवली तरी राणीपर्यंत घास पोहोचतो तो असा. विषही असंच पोहोचतं, म्हणून वरची फवारणीची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका.

## ऊन

मुंगळ्यांना २५ ते ३० अंश मानवतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४२ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या किंवा थेट स्लॅबखालच्या खोलीत रात्रीही उकाडा उतरत नाही. जमिनीतला मुंगळा अशा वेळी खाली खाली जातो. नळीतला कुठे जाणार? घरातलं तापमान ३५ च्या वर राहू लागलं की राणी अंडी घालणं थांबवते, अळ्या सुकतात, आणि पाणी दुप्पट वेगाने उडतं.

पहिला उपाय म्हणजे नळी फडताळाच्या वरच्या फळीवरून काढून जमिनीवर, उत्तरेच्या भिंतीला आणा. गरम हवा वर जाते. एकाच खोलीत छताजवळ आणि फरशीवर चांगलाच फरक असतो. दुसरा उपाय आपल्याला माठाने शिकवलेला आहे. एक मोठी मातीची कुंडी घ्या, आत तिच्याहून लहान, बिनरंगाचं मडकं ठेवा, मधल्या दोन-तीन सेंटीमीटर जागेत वाळू भरा आणि वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी घाला. आतल्या मडक्याचा तळ १८ सेंटीमीटर तरी रुंद हवा, म्हणजे नळी आडवी मावते. वर ओलं गोणपाट. वाळूतलं पाणी मातीतून बाहेर झिरपून वाफ होतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे ही युक्ती इथे चांगली चालते. श्रावणात हवा दमट झाली की तिचा उपयोग उरत नाही आणि गरजही नसते. आत तापमापी ठेवा. अंदाजाने सांभाळणं पुरत नाही.

कूलरच्या झोतात नळी ठेवू नका. काचेचं एक टोक गार आणि दुसरं गरम झालं की आतली वाफ गार टोकाला थेंबांनी जमते. ते थेंब गळून अंड्यांवर पडतात, आणि ओल्या पुंजक्याला बुरशी धरते. पूर्ण नळीला सारखंच तापमान मिळावं म्हणून तिच्याभोवती सुती कापड गुंडाळलेलं बरं.

हिवाळ्यात उलटा प्रश्न. परभणीत थंडीच्या लाटेत पारा एक आकडी होतो. मुंगळे मंदावतात, खाणं कमी करतात, अंडी थांबतात. हे मरण नाही. नळी आतल्या खोलीत, पांघरुणांच्या कपाटात हलवा, खाणं आठवड्यातून एकदाच ठेवा, आणि माघानंतर राणी पुन्हा अंडी घालू लागते. बल्बखाली ठेवून शेकू नका. वीज गेली की तापमान एकदम खाली येतं, आणि त्या चढउताराने जेवढं नुकसान होतं तेवढं सावकाश आलेल्या थंडीने होत नाही.

## नळीतून घरात

वीस-तीस मुंग्या होईपर्यंत नळीच पुरते. लवकर मोठं घर दिलं तर मुंग्या रिकाम्या खोल्यांत उष्टं आणि मेलेल्या मुंग्या टाकतात, तिथे बुरशी धरते आणि तुमच्या लक्षात येईपर्यंत ती राणीपर्यंत आलेली असते.

घर करायला सध्या सगळ्यात सोयीची वस्तू म्हणजे बांधकामावरचा हलका करडा एएसी ब्लॉक. तुटलेला तुकडा सहज मिळतो. हॅक्सॉ ब्लेडने कापला जातो, पटाशीने किंवा जुन्या स्क्रूड्रायव्हरने कोरला जातो, आणि स्पंजसारखं पाणी धरतो. १५ बाय १० सेंटीमीटरचा, चारेक सेंटीमीटर जाडीचा तुकडा घ्या. समोरच्या बाजूवर एक सेंटीमीटर खोल अशा चार-पाच खोल्या आणि त्यांना जोडणारे बोटाएवढे रुंद बोळ कोरा. एका टोकाला, खोल्यांना न जोडलेला एक वेगळा खड्डा करा: पाणी घालायचं ते फक्त तिथे. म्हणजे त्या बाजूच्या खोल्या ओल्या, शेवटच्या कोरड्या, आणि मुंग्यांना त्यांची निवड परत मिळते. त्या अंडी-अळ्या ओलीकडे आणि कोष कोरड्याकडे ठेवतात, तेव्हा तुमचं कोरीवकाम जमलं असं समजा. सगळ्या मुंग्या पाण्याच्या खड्ड्याला चिकटून बसल्या असतील तर घर कोरडं पडलंय. सगळ्या लांबच्या टोकाला गेल्या असतील तर पाणी जास्त झालं.

कोरल्यावर धूळ पूर्ण धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा. समोर चार मिलिमीटरची काच. सिलिकॉनने चिकटवणार असाल तर आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत, तीन दिवस तरी, मुंग्या आत सोडू नका.

प्लास्टर ऑफ पॅरिसचं घरही चालतं: वजनाने दोन भाग पावडर, सव्वा ते दीड भाग पाणी, चिकणमातीच्या गोळ्या चिकटवून त्यांवर ओतायचं आणि सुकल्यावर माती काढायची. आतपर्यंत सुकायला आठवडा ते पंधरा दिवस लागतात. फ्रान्सच्या शार्ल जाने या मुंग्यांच्या अभ्यासकाने अशी प्लास्टरची घरं १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली होती, तेव्हापासून ही पद्धत चालत आली. मात्र मुंगळे ओलं प्लास्टर कुरतडतात.

दोन काचांमध्ये माती भरून केलेलं घर दिसायला छान, पण आपली काळी रेगड तिथे घालू नका. ती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. शेतात जे होतं तेच काचेत होतं आणि बोळ मुंग्यांसकट दबतात. मातीचंच हवं तर चाळलेला बारीक मुरूम आणि वाळू घ्या. तरीही राणी दिसण्याची खात्री नाही, कारण ती बहुधा मधोमध जाऊन बसते.

घर बदलताना मुंग्या झटकून ओतू नका. नळीचं तोंड घराच्या दाराशी टेकवा, घर काळ्या कागदाने झाका आणि नळी उजेडात उघडी ठेवा. एक-दोन दिवस काहीच होत नाही. मग एक मुंगी अळी तोंडात धरून निघते आणि काही तासांत बिऱ्हाड हलतं. आठवडा लागला तरी धीर सोडू नका.

## पळून जाणं

मुंग्यांना घराबाहेर फिरायला एक प्लास्टिकचा डबा हवा, साधारण ३० बाय २० सेंटीमीटर आणि १५ उंच. तोंडाजवळच्या आतल्या कडेला चार सेंटीमीटरचा निसरडा पट्टा: एक चमचा टाल्कम पावडर, दोन चमचे पातळ सॅनिटायझर, ब्रशने लावून वाळू द्या. अल्कोहोल उडून जातं आणि मागे राहिलेल्या पावडरीचे कण मुंगीच्या पायाखाली घसरतात. पावसाळ्यात ही पावडर ओल धरते आणि मुंग्या सहज वर येतात, म्हणून जून ते सप्टेंबर दर आठवड्याला नवा पट्टा. व्हॅसलीन लावणारे लावतात, पण मे महिन्यात ते पातळ होऊन खाली ओघळतं.

दुसरा बंदोबस्त आपल्याकडे पूर्वीपासून आहे. दुधा-तुपाच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तोच. डबा पाय असलेल्या पाटावर ठेवा आणि पाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि पाणी रोज बदला. कारण साचलेल्या पाण्यावर धुळीची साय धरते आणि मुंग्या त्या सायीवरून चालत पलीकडे जातात.

## बिघाड ओळखणं

कापसावर करडे-काळे डाग दिसले की लोक घाबरून राणीला बाहेर काढतात. घाई नको. नवी नळी भरा, जुनीच्या तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडा, नवी अंधारात आणि जुनी उजेडात. राणी तिच्या वेळेने जाते.

अळ्या महिनाभर तेवढ्याच राहिल्या तर प्रथिनं कमी पडताहेत किंवा थंडी आहे. मुंग्या लटपटत चालताहेत, पाठीवर पडून पाय आखडताहेत, तर ते विष आहे. भिंतीवरचा मुंग्यांचा खडू, डासांची लिक्विड मशीन, गल्लीत झालेलं फॉगिंग, शेजारच्या रानातली फवारणी, सगळं आठवून बघा. मुंग्या लगेच स्वच्छ नळीत, दुसऱ्या खोलीत हलवा आणि ताजं साखरपाणी द्या. वाचतील त्या वाचतील.

राणी मेली तर वसाहत संपली. कामकरी मुंग्या आणखी काही महिने काम करत राहतात, पण नवी कामकरी येत नाही. दुसरी राणी आणून सोडली तर त्या तिला परकी म्हणून मारून टाकतात. तिचा वास त्यांच्या घराचा नसतो.

## दाणे साठवणाऱ्या मुंग्या

वर्षभर मुंगळे सांभाळल्यावर दाणे साठवणाऱ्या फेडोले मुंग्या घेऊन बघाव्यात. लहान कामकरी आणि त्यांच्याच बहिणी असलेल्या मोठ्या डोक्याच्या सैनिक, अशी दोन रूपं एका घरात. कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८३५ साली पुण्यातल्या अशा मुंग्यांबद्दल लिहून ठेवलं आहे: पाऊस थांबल्यावर त्या साठवलेलं गवताचं बी बाहेर आणून वाळत घालत होत्या. खळ्यात ज्वारी वाळवणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. त्यांना राजगिरा, खसखस, राळा द्या. पेरणीच्या पिशवीतलं उरलेलं बियाणं कधीही देऊ नका. त्याला लावलेला लाल-गुलाबी रंग बुरशीनाशकाचा असतो. आणि या मुंग्या फार बारीक असल्यामुळे डब्याचं झाकण, जाळी, सांधे, सगळं दुप्पट काळजीने तपासावं लागतं.

परदेशी जातींच्या जाहिराती दिसतात. त्यांच्या मागे लागू नका. परदेशातून जिवंत कीटक आणायला सरकारी परवानगी लागते, आणि सुटलेली परकी मुंगी शेताला आणि इथल्या मुंग्यांना कायमची त्रासदायक ठरू शकते. २०२५ मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुणांजवळ सुमारे ५,००० राण्या सापडल्या, त्याही ओला कापूस घातलेल्या नळ्यांमध्येच भरलेल्या. कोर्टाने त्यांना दंड केला. तिथली प्रत्येक राणी म्हणजे तिथल्या मातीतलं एक होऊ घातलेलं वारूळ होतं.

मुंग्यांची राणी दीर्घायुषी असते. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी बंदिस्त अवस्थेत २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. मुंगळ्याची राणीही नीट सांभाळली तर कितीतरी वर्षं साथ देते, म्हणून गावाकडे लग्नाला जाताना काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा. दहा दिवसांसाठी: पाण्याची पूर्ण भरलेली नवी नळी डब्यात, दुसऱ्या नळीत पाण्याऐवजी साखरपाणी आणि पुढे कापूस, निघायच्या दोन दिवस आधी कीटकांचं भरपूर जेवण, आणि निघायच्या सकाळी उरलेला प्रत्येक तुकडा चिमट्याने बाहेर. पावडरीचा पट्टा नवा करा. डबा जमिनीवर, उत्तरेच्या भिंतीला. शेजारच्या काकूंना किल्ली देताना एवढंच सांगा, की वाट्यांतलं पाणी बदला आणि त्या खोलीत काहीही फवारू नका.